गंजाला गंज लागू नये म्हणून : घरच्या बियरच्या स्टीलच्या भांड्यांची निगा

मराठीत ‘गंज’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे उभ्या काठाचे मोठे पातेले आणि दुसरा म्हणजे लोखंडावर चढणारा तांबूस थर. स्टीलच्या गंजाला गंज लागत नाही, या एका गोष्टीवर खूश होऊन आपल्या आधीच्या पिढीने तांब्यापितळेची भांडी माळ्यावर टाकली आणि कल्हईवाल्याची वाट पाहणे सोडून दिले. लग्नात आलेली, नावे कोरलेली स्टीलची पातेली आपल्यापैकी कित्येकांनी बॅगांतून अमेरिकेपर्यंत आणली आणि ती आजही रोजच्या वापरात आहेत.

त्या पातेल्यांच्या जोडीला आता काही मराठी घरांच्या बेसमेंटमध्ये आणखी एक गंज आला आहे. हा आठ-दहा गॅलनचा, खाली तोटी बसवलेला, घरी बियर करण्यासाठी घेतलेला. छंद चांगला की वाईट हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्याने तो धरला त्याच्या घरात काहीशे डॉलरची भांडी आणि तीन-चार जहाल रसायने येतात, हे खरे. भांडी नीट धुतली नाहीत तर बियर आंबट होते. चुकीच्या पदार्थाने धुतली तर स्टीलला बारीक भोके पडतात. आणि नको ते दोन पदार्थ एकत्र आले तर माणसाला इमर्जन्सी रूम गाठावी लागते. म्हणून हा विषय आरोग्य आणि अर्थ या सदरात घेतला आहे. ज्यांच्या घरी बियर होत नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण स्टीलचे नियम वरणाच्या पातेल्यालाही तेच आहेत.

आधी थोडे कायद्याचे आणि तब्येतीचे

अमेरिकेत घरी बियर करायला केंद्र सरकारची परवानगी आहे. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये त्या कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून तो लागू झाला. घरात दोन किंवा अधिक सज्ञान माणसे असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकच असेल तर १०० गॅलन, अशी मर्यादा आहे. (एक गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर.) ही बियर विकता येत नाही. राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत. मिसिसिपी आणि अलाबामा या दोन राज्यांनी तर २०१३ मध्ये परवानगी दिली. बियर घराबाहेर, पिकनिकला वगैरे न्यायची असेल तर आपल्या राज्याचा नियम आधी पाहावा.

तब्येतीबद्दल एकच वाक्य. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की मद्याचे अमुक इतके प्रमाण पूर्णपणे निर्धोक, असे म्हणता येत नाही. घरी केली म्हणून बियर औषधी होत नाही. बाकी लेख भांड्यांबद्दल आहे.

स्टील ‘स्टेनलेस’ कशामुळे?

स्टेनलेस स्टील म्हणजे मुख्यतः लोखंडच. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलेले असते. इंग्लंडमधल्या शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये असे न गंजणारे पोलाद तयार केले. या धातूला हवा लागली की क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पृष्ठभागावर एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा धरतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे केसापेक्षा कित्येक हजार पट कमी. हा पापुद्राच आतल्या लोखंडाचे रक्षण करतो.

याची उपमा दुधाच्या सायीची. साय काढली तरी दूध तापवून ठेवले की परत धरते. तसाच स्टीलवरचा पापुद्रा खरवडला गेला तरी पृष्ठभाग स्वच्छ, कोरडा आणि हवेशी संपर्कात असेल तर आपोआप पुन्हा धरतो. मात्र त्या जागी किटण, मीठ किंवा क्लोरीन असेल तर तो धरू शकत नाही, आणि तिथूनच गंज सुरू होतो. स्टीलची सगळी निगा या एका गोष्टीत सामावलेली आहे. आपण करायचे ते इतकेच, की पापुद्र्याला धरायला जागा द्यायची आणि त्याच्या शत्रूंना दूर ठेवायचे.

बियरची चांगली भांडी बहुधा ‘३०४’ जातीच्या स्टीलची असतात. आपल्याकडच्या भांड्यांवर ‘१८/८’ लिहिलेले असते ते हेच. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ‘३१६’ या जातीत मॉलिब्डेनम असते आणि ती मिठापुढे जास्त टिकते, पण महाग असते. घरच्या कामाला ३०४ पुरेसे आहे. लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. चुंबक भांड्याच्या बाजूला लावावा, तळाला लावू नये, कारण इंडक्शनच्या शेगडीसाठी तळात मुद्दाम चुंबक धरणारा थर बसवलेला असतो. बाजूला घट्ट चिकटला तर ते बिननिकेलचे, हलक्या जातीचे स्टील असण्याची शक्यता अधिक. चिकटला नाही म्हणजे मात्र १८/८ आहेच असे नव्हे. निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या २०० क्रमांकाच्या जातीलाही चुंबक फारसा चिकटत नाही, आणि ती जात ३०४ पेक्षा लवकर डागाळते.

स्टीलचे तीन शत्रू

पहिला शत्रू क्लोरीन आणि त्याचे क्षार. ब्लीच हे स्वस्त आणि जंतुनाशक, म्हणून नव्या माणसाचा हात आधी तिकडे जातो. प्लॅस्टिकच्या बादलीला ते चालते. स्टीलमध्ये ब्लीचचे पाणी भरून ठेवले तर ते पापुद्रा फोडून आत उतरते आणि टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडते. ती भोके घासून जात नाहीत. शिवाय ब्लीचचा अंश राहिला तर मॉल्टमधल्या पदार्थांशी त्याचा संयोग होऊन बियरला दवाखान्यासारखा वास येतो, आणि तो अगदी सूक्ष्म प्रमाणातही जिभेला कळतो.

मिठाचेही तेच. आपल्या आज्या लोणचे चिनी मातीच्या बरणीतच भरीत, धातूच्या डब्यात कधी भरीत नसत. मीठ आणि आंबटपणा एकत्र आल्यावर धातूचे काय होते हे त्यांना अनुभवाने माहीत होते. बियरच्या पाण्यात कॅल्शियम क्लोराइडचे खडे घालतात, तेही थंड पाण्यात टाकून तळाशी बसू देऊ नयेत. आधी वाटीभर पाण्यात विरघळवून मग ओतावे आणि ढवळावे. हाच नियम घरात भाताच्या किंवा पास्त्याच्या पाण्यातल्या मिठाला. पाणी तापल्यावर मीठ घालून ढवळले तर तळाला ठिपके पडत नाहीत.

दुसरा शत्रू तारेची घासणी. साध्या लोखंडी तारेच्या घासणीचे बारीक कण स्टीलमध्ये रुतून बसतात आणि गंजतात. बघणाऱ्याला वाटते भांडेच गंजले. मऊ कापड, स्पंज किंवा नायलॉनची घासणी वापरावी आणि घासताना भांड्याच्या रेषांच्या दिशेने हात फिरवावा. सुरीने खरवडणे तर नकोच. ओरखड्यांत घाण अडकते, घाणीत जंतू राहतात.

तिसरा शत्रू कोंडलेला ओलावा. भांडे धुऊन ओलेच झाकण लावून ठेवले, किंवा एकात एक अडकवून ठेवले, की आत हवा खेळत नाही आणि पापुद्रा धरत नाही. धुतलेले भांडे पुसून, उघडे ठेवून पूर्ण वाळू द्यावे. यासारखा बिनखर्ची उपाय दुसरा नाही.

धुणे वेगळे, निर्जंतुक करणे वेगळे

या छंदात सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. धुणे म्हणजे डोळ्यांना दिसणारी आणि हाताला लागणारी घाण काढणे. निर्जंतुक करणे म्हणजे न दिसणारे जंतू मारणे. पहिले झाल्याशिवाय दुसरे होत नाही, कारण निर्जंतुक करणारे पाणी किटणाच्या थराखाली पोचत नाही. विरजण लावायचे पातेले खरकटे असेल तर त्यात नुसते उकळते पाणी फिरवून भागत नाही, तसेच हे.

जंतू म्हणजे तरी कोणते? तयार बियरमध्ये आम्ल, हॉप्स आणि अल्कोहोल असल्यामुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा वाढत नाहीत. वाढतात ते लॅक्टोबॅसिलससारखे, म्हणजे दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद. दह्यात ते हवेत, बियरमध्ये नकोत. पाच गॅलनची मेहनत आंबट करून टाकतात.

मोड आणून वाळवलेल्या जवाला मॉल्ट म्हणतात. त्या मॉल्टचे गोड पाणी, म्हणजे ‘वर्ट’, ज्या मोठ्या पातेल्यात तासभर उकळतात ते पातेले नुसते स्वच्छ असले तरी पुरते. उकळीतच जंतू मरतात. पण उकळी बंद झाल्यानंतर ज्याला ज्याला वर्ट लागणार, ते सगळे निर्जंतुक हवे. पातेल्याच्या तोटीचे बाहेरचे तोंड, थंड करण्याची नळी, आंबवण्याचे भांडे, झाकण, चमचा, रबरी नळ्या आणि केग, सगळे. ही सीमारेषा लक्षात ठेवली तर निम्मे श्रम वाचतात.

कशाने धुवावे

काम झाल्यावर ताबडतोब, भांडे कोमट असतानाच विसळून टाकावे. वाळलेला वर्ट गुळाच्या पाकासारखा चिकटतो; दहा मिनिटांचे काम दुसऱ्या दिवशी तासाचे होते.

मुख्य धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेट उत्तम. हा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा संयोग. गरम पाण्यात त्यातून ऑक्सिजन सुटतो, तो किटण सैल करतो, आणि क्लोरीन तर त्यात नसतेच. बियरच्या दुकानात ‘पी. बी. डब्ल्यू.’ नावाची पावडर मिळते, तिच्यात परकार्बोनेटबरोबर स्टीलला मानवणारे सिलिकेटही असते. कपड्यांसाठी मिळणाऱ्या ऑक्सिक्लीनचा बिनवासाचा, ‘फ्री’ असे लिहिलेला प्रकारही पुष्कळ जण वापरतात. सुगंधी प्रकार घेऊ नये, वास मागे राहतो.

कृती अशी. गॅलनला सुमारे एक औंस (सुमारे २८ ग्रॅम) पावडर. पाणी १४० ते १६० अंश फॅरनहाइट. अर्धा तास भिजू द्यावे, मऊ घासणी फिरवावी, मग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा विसळावे. हाताला बुळबुळीत लागते तोवर विसळत राहावे. तो बुळबुळीतपणा सोड्याचा असतो आणि तो राहिला तर पुढच्या आम्लधर्मी जंतुनाशकाची ताकद कमी होते. तळ करपला असेल तर हेच पाणी मंद आचेवर तासभर ठेवावे किंवा रात्रभर भिजवावे, खरवडू नये. विजेचा हीटर असलेले भांडे धुण्यापूर्वी प्लग काढावा. नेहमीच्या भांड्यांचा साबण चालतो, पण त्याचा अंश राहिला तर बियरवर फेस टिकत नाही.

एक सूचना. हा सोडा ॲल्युमिनियमच्या किंवा हिंदालियमच्या भांड्यात वापरू नये. ती भांडी काळी पडतात.

कशाने निर्जंतुक करावे

दोन पदार्थ सर्वत्र मिळतात. पहिला ‘स्टार सॅन’, फॉस्फरिक आम्लाचा. पाच गॅलन पाण्यात एक औंस घालतात आणि भांड्याला एक-दोन मिनिटे लागू देतात. फेस पुष्कळ होतो. तो तसाच राहू द्यावा, नुसते निथळावे, पुन्हा नळाखाली धरू नये. नळाखाली धरले की केलेले काम वाया. या पाण्याचा पी-एच ३ च्या खाली असेपर्यंत ते कामाचे असते. डिस्टिल्ड पाण्यात केलेले मिश्रण कित्येक आठवडे टिकते, जड पाण्यात लवकर गढूळ होते. पी-एच मोजायच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात.

दुसरा पदार्थ ‘आयोडोफोर’, आयोडीनचा. पाच गॅलन गार पाण्यात अर्धा औंस, दोन मिनिटे, मग निथळणे. गरम पाण्यात घालू नये, आयोडीन उडून जाते. कपड्यांना आणि प्लॅस्टिकच्या नळ्यांना पिवळे डाग पडतात, ते निघत नाहीत. दोन्हींपैकी कोणतेही पाणी स्टीलच्या भांड्यात दिवसेंदिवस भरून ठेवू नये. जास्त वेळ ठेवले म्हणजे जास्त स्वच्छ, असा हिशेब इथे नाही.

बियर-स्टोन, अळू आणि मुतखडा

पाच-सात वेळा बियर केल्यानंतर भांड्याच्या आत पांढुरका-तपकिरी, हाताला खरखरीत लागणारा थर दिसू लागतो. सोड्याच्या पाण्याने तो जात नाही. याला ‘बियर-स्टोन’ म्हणतात. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॉल्टमधले ऑक्झॅलिक आम्ल मिळून हा थर होतो. त्याचे रासायनिक नाव कॅल्शियम ऑक्झॅलेट.

हा पदार्थ आपल्याला परका नाही. अळूची भाजी कच्ची राहिली की घसा खाजतो तो याच कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे. म्हणून तर अळूत चिंच किंवा आंबटचुका घालतात. मुतखड्याचा सर्वांत नेहमीचा प्रकारही याचाच. पदार्थ एक, एवढेच. भांड्यातल्या थरामुळे मुतखडा होतो असा अर्थ कोणी काढू नये. थराचा खरा तोटा हा की तो खडबडीत असतो आणि त्याच्या खाचांत जंतू लपतात. भांडे धुतले, निर्जंतुक केले, तरी बियर बिघडतेच आहे, असे झाले तर आधी हा थर शोधावा.

उपाय आम्लाचा. थर पातळ असेल तर गॅलनभर गरम पाण्यात दोन-तीन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, घालून अर्धा तास ठेवावे. जुना थर याला दाद देत नाही. त्यासाठी दूध डेअऱ्या आणि बियरचे कारखाने वापरतात तसे फॉस्फरिक-नायट्रिक आम्लाचे तयार मिश्रण मिळते. ते लेबलवर दिलेल्या प्रमाणातच वापरावे. आम्लानंतर भरपूर पाण्याने विसळून मग सोड्याची धुलाई करावी. दोन्ही एकाच वेळी घालू नयेत, एकमेकांना मारतात आणि हाती काही लागत नाही.

पूर्वी घरात मोरीच्या फरश्या धुवायला ॲसिडची बाटली असे. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. इथेही ते म्युरिॲटिक ॲसिड या नावाने हार्डवेअरच्या दुकानात मिळते. त्यात क्लोराइड असल्यामुळे स्टीलला ते कधीही लावू नये.

तोटी आणि केग

भांडे आरशासारखे चकचकीत आणि तोटीच्या आत महिन्यापूर्वीचा वर्ट, असे दृश्य फार वेळा असते. गोल बोंड फिरवून उघडणाऱ्या तोटीत बोंडाच्या मागे थोडी पोकळी असते आणि तिथे वर्ट अडकून बसतो. प्रत्येक वेळी गरम सोड्याचे पाणी तोटीतून सोडताना ती चार-पाच वेळा उघडझाप करावी. दर तीन-चार खेपांनंतर तोटी खोलून धुवावी. नवीन घेताना तीन तुकड्यांत सुटणारी घ्यावी, चार पैसे जास्त पडले तरी. रबरी कड्या तडकल्या असतील तर बदलाव्यात. त्यांची किंमत नगण्य असते.

तोट्या आणि जोड पितळी असतील तर पृष्ठभागावर शिशाचा अंश असू शकतो. दोन भाग पांढरे व्हिनेगर आणि एक भाग ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्या मिश्रणात ते दहा मिनिटे ठेवले की तो निघतो आणि पितळ लोण्यासारखे पिवळे दिसते. पाणी हिरवे होऊ लागले तर लगेच बाहेर काढावे. हे एकदाच करायचे असते.

केग, म्हणजे तयार बियर भरण्याची पाच गॅलनची उभी टाकी, उघडण्यापूर्वी आतला दाब पूर्ण सोडावा. झाकणावरची कडी ओढून फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत थांबावे. मग झाकण, दोन्ही जोड आणि आतली लांब नळी काढून वेगळी धुवावी. नळी आतून घासायला लांब दांड्याचा ब्रश मिळतो. रबरी कड्यांना खाण्यायोग्य सिलिकॉनचे वंगण बोटाने लावावे. सोड्याचे गरम पाणी भरून झाकण घट्ट लावून ठेवू नये. परकार्बोनेटमधून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बंद भांड्यात दाब वाढतो. हेच बाटलीलाही लागू.

गंजाचे डाग पडलेच तर

घाबरू नये. वरवरचा तांबूस डाग बहुधा जातो. इथे ‘बार कीपर्स फ्रेंड’ नावाची पावडर किराणा दुकानात मिळते, तिच्यात ऑक्झॅलिक आम्ल असते. हातमोजे घालून, ओल्या मऊ कापडावर थोडी घेऊन हलक्या हाताने घासावे, मिनिटभरात धुऊन टाकावे, पुसावे आणि भांडे दोन दिवस उघडे राहू द्यावे. तेवढ्यात पापुद्रा पुन्हा धरतो. वेल्डिंगच्या सांध्याभोवतीचे तपकिरी वर्तुळही असेच जाते. डाग गेल्यावर खाली नखाला लागणारे भोक राहिले असेल तर ते भरून येत नाही. तसे एखादे भोक असलेले पातेले उकळायला चालते, पण आंबवण्याच्या कामातून काढावे.

वाचकांच्या मनात येतील असे तीन प्रश्न. तळाला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात ते काय? उष्णतेने पापुद्रा जाड झाल्याने किंवा पाण्यातल्या क्षारांमुळे ते दिसतात. अपाय नाही, व्हिनेगरने पुसले की बहुधा जातात. पांढरे ठिपके? ते जड पाण्याचे, भांडे हवेवर वाळवण्याआधी पुसले तर पडत नाहीत. आणि भांड्यावर नाव कोरलेले असेल तर तिथून गंजेल का? नाही. कोरल्यावर पापुद्रा परत धरतो. फक्त नाव बाहेरून कोरावे, आतून नको, कारण अक्षरांच्या खाचांत वर्ट बसेल.

जिवाची काळजी

आता सगळ्यांत महत्त्वाचे. ब्लीच आणि कोणतेही आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर, लिंबूसत्त्व, स्टार सॅन, बार कीपर्स फ्रेंड, ही सगळी आम्लेच. बेसमेंटमध्ये खिडकी लहान, हवा कोंडलेली. तिथे हा वायू फुप्फुसांना जबर इजा करू शकतो. ब्लीच आणि अमोनिया असलेले काच पुसायचे द्रव, हेही तितकेच घातक. उपाय सोपा आहे. बियरच्या सामानाच्या कपाटात ब्लीच ठेवूच नये.

कॉस्टिक सोड्याने किटण झटकन निघते, हे खरे. पण कातडी आणि डोळा त्याहून झटकन जातो. घरी त्याची गरज नाही. आम्ल पातळ करताना आधी पाणी घ्यावे आणि त्यात आम्ल ओतावे. आम्लात पाणी ओतले तर उसळून अंगावर येते. हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हा आळस करण्याचा विषय नव्हे. रसायने मूळ डब्यातच, लेबलासह आणि मुलांच्या हाताला न लागतील अशी ठेवावीत. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नयेत. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांनाही कपाट दाखवून ठेवावे.

डोळ्यात उडाले तर लगेच वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा, आणि मगच पुढचा विचार करावा. अमेरिकेत कुठूनही १-८००-२२२-१२२२ या क्रमांकावर विषबाधा केंद्राचा सल्ला रात्रंदिवस मोफत मिळतो. माणूस बेशुद्ध असेल किंवा श्वास लागत असेल तर थेट ९११.

खर्चाचा हिशेब

दहा गॅलनचे पातेले बनावटीनुसार शंभरापासून चारशे डॉलरपर्यंत पडते. नीट वापरले तर ते मुलांच्या लग्नापर्यंत टिकेल, ब्लीचने धुतले तर एका रात्रीत त्याला भोके पडू शकतात. त्या मानाने निगेचा खर्च पाहा. स्टार सॅनच्या ३२ औंसांच्या बाटलीत १६० गॅलन पाणी तयार होते. प्रत्येक खेपेला अडीच गॅलन केले तरी ६४ खेपा. परकार्बोनेटची पाच पौंडांची पिशवी म्हणजे ८० औंस. खेपेला पाच औंस धरले तर १६ खेपा. भांडे काठोकाठ भरून धुण्याची गरज नसते. दोन-तीन गॅलन पाणी सगळीकडे फिरवले आणि तेच पुढच्या भांड्यात ओतले तरी काम होते. मग पिशवी आणखी पुरते.

जुने सामान घेणे फायद्याचे असते, पण आत बॅटरीचा झोत टाकून पाहावे. तांबूस डाग असेल तर घ्यायला हरकत नाही, किंमत मात्र पाडून मागावी. टाचणीच्या टोकासारखी काळी भोके दिसली किंवा केगचा तळ चेपलेला असला तर सोडून द्यावे. नवे भांडे घेतले तर पहिल्या वापराआधी आतून तेलाचे कापड फिरवावे. पॉलिशची काळी राळ त्यावर येते. मग साबण, मग सोडा, मग विसळणे आणि दोन दिवस उघडे ठेवणे.

भिंतीवर लावण्यासाठी

खालचा मजकूर कापून बेसमेंटमधल्या सिंकच्या वर लावावा.

१. काम संपताच, भांडे कोमट असतानाच विसळणे.
२. गरम पाणी आणि परकार्बोनेट, अर्धा तास. मऊ घासणी.
३. बुळबुळीतपणा जाईपर्यंत विसळणे.
४. पुसून, झाकण न लावता वाळवणे.
५. बियर करण्याच्या दिवशी, उकळीनंतर वर्टला लागणारे सर्व निर्जंतुक करणे. त्यानंतर नळाखाली धरू नये.
६. तीन-चार खेपांनी तोटी खोलणे. पाच-सात खेपांनी आम्लाची धुलाई.
७. ब्लीच, मोरीचे ॲसिड, तारेची घासणी यांना या कोपऱ्यात प्रवेश नाही.
८. केग उघडण्यापूर्वी दाब सोडणे.
९. विषबाधा केंद्र : १-८००-२२२-१२२२.